आत्याबाईंचा दर्या

साऱ्या गारखेड्याला समुद्र ठाऊक होता, तो आमच्या आत्याबाईंमुळं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. कोवळ्या वयात विधवा होऊन भावाकडे आलेली. रझाकारांच्या धामधुमीत त्या नातेवाइकांबरोबर मुलखाबाहेर गेल्या होत्या आणि तेव्हा थेट मुंबईला जाऊन दर्या पाहून आल्या, असं त्यांचं म्हणणं. बरोबरची माणसं एकेक करून वारली, त्यामुळं विचारायचं तर कुणाला? संध्याकाळी ओट्यावर बायका जमल्या की बोलणं कुठूनही निघो, जाऊन थांबायचं दर्यावर. वारं सुटलं की, "ह्ये काय वारं? दर्याच्या वाऱ्यात लुगडं अंगावर वाळतं!" कुणाचं कालवण खारट झालं की, "दर्याचं पाणी ह्याच्यापुढं गोड गं बाई." त्यांच्याजवळ ना मूल होतं, ना गुंठाभर जमीन. होता तो एवढा दर्या. त्याच्या जोरावर ओट्यावरची मधली जागा त्यांची होती.

पोलीस ॲक्शनला पंधराएक वर्षं झाली असतील, तेव्हा मी त्या घरात मॅट्रिक पास सून म्हणून आले. शहाणपण इतकं की भूगोलाचं पुस्तक ट्रंकेत घालून आणलेलं! एकदा मुद्दाम विचारलं, "आत्याबाई, तुमच्या दर्याचा पलीकडचा काठ दिसतो का हो?" त्या म्हणाल्या, "ढग नसले तर दिसतो की." मी पदर तोंडाला लावून हसले आणि मनाशी ठरवलं, बाईंना एकदा उघडं पाडायचंच.

संधी आश्विनात आली. यांच्या ऑफिसातल्या कोकणी सोबत्यानं गावी बोलावलं होतं. पाऊस सरलाय, आंब्याची गर्दी नाही, निवांत या म्हणाला. मी हट्टच धरला, "आत्याबाईंना न्यायचं. त्यांची जुनी ओळख आहे." आठ दिवस त्यांचा गुडघा दुखत होता. मग म्हणाल्या, गाय व्यायला झालीय. गाय व्याली, निमित्त संपलं आणि त्या एसटीत बसल्या.

पोचलो तेव्हा सकाळ होती. डोंगर अजून हिरवेगार होते, भातकापणी चाललेली, आणि घराच्या कुंपणाला लागून समुद्र. आत्याबाईंनी माझा दंड घट्ट धरला. दंड न सोडता म्हणाल्या, "हं. तसाच हाय."

हे सोबत्याबरोबर गाव बघायला गेले. जेवून, डुलकी काढून आम्ही दोघी बाहेर आलो, तर पाणी पार लांब गेलेलं! होड्या चिखलात कलंडलेल्या. आमच्या मुलखात पाणी मागं सरलं की त्याचा अर्थ एकच असतो. आत्याबाईंचा चेहरा उतरला.

"पोरी, आटलं गं! भरून घे, हाय तंवर भरून घे!"

"अहो, पण खारट—"

"खारट का असंना, पाणी हाय ना?"

आणि भूगोलात पास झालेल्या मी काय करावं? अंगणातली कळशी उचलली, पदर खोचला आणि धावत सुटले! दोन कळशा, एक बादली आणि यजमानांचा आंघोळीचा हंडा काठोकाठ भरला. तिसऱ्या खेपेला घरातल्या वहिनी बाहेर आल्या. "अगो बाई, ओहोटी आहे ती! येईल की संध्याकाळी परत!" म्हणाल्या आणि हसता हसता पायरीवरच बसल्या.

आत्याबाई हंड्याशेजारी टेकल्या. वहिनी आत गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दर्या बघितलेल्या बाईला एवढं ठाऊक असतं, व्हय ना?" मग अगदी हळू, "घरी सांगशील?"

याच क्षणासाठी तर मी त्यांना एवढ्या लांब आणलं होतं. पण माझ्याच लुगड्यातून खारं पाणी गळत होतं. मी पदर पिळायला लागले.

परतलो त्या संध्याकाळी गल्ली लोटली. शेजारीण म्हणाली, "काय गं मॅट्रिक, आत्याबाई सांगत्यात तसाच हाय का दर्या?" आत्याबाई गवार मोडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"तस्साच," मी म्हटलं. "आणि पाणी मागं जातं, मग परत येतं. मला आत्याबाईंनीच दाखवलं ते."

"दाखवावं लागतं," आत्याबाई शेंग मोडत म्हणाल्या. "पुस्तकात नसतंय." आणि जरा सरकून त्यांनी मला शेजारी जागा केली.

त्यानंतर त्या दोनच पावसाळे होत्या. तेवढ्यात त्यांच्या दर्याचं पाणी आधी मैलभर मागं गेलं, मग दोन मैल, मग माणसं वाळूतून चालत पलीकडं जाऊ लागली. "इचारा हिला," म्हणून त्या माझ्याकडे बोट करायच्या आणि मी गंभीरपणे मान डोलवायची. इतक्या आनंदानं मी पुन्हा कुणाच्या थापेला साक्ष दिली नाही.