नाल्याच्या वरच्या अंगाचं पाणी

गावाकडं, धावड्याला, घरच्या शेतीत सगळ्या भावांचं भागत नव्हतं, म्हणून मी जालन्यात आलो आणि तारेच्या एका कारखान्यात सुपरवायझर झालो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. शहर वाढत होतं, कारखाना वाढत होता, माझा पगारही. तार ओढण्याआधी लोखंडाचा गंज तेजाबानं काढत. ते वापरलेलं पाणी मागच्या नाल्यात सोडायचा हुकूम मालकांचा. झडप उघडायचं काम माझं.

नाल्याच्या खालच्या अंगाला एक परटीण कपडे धुवायची. माझेही कपडे तिच्याकडेच असत. एकदा ती एक धोतर घेऊन फाटकाशी आली. धोतरावर पिवळे डाग, तिच्या पायांवर लाल चट्टे.

"भाऊ, पाणी लई खराब येऊन राह्यलंय. तुमच्याकडून तर न्हाई ना?"

"बिलकुल नाही, मावशी. वरून कुठून तरी येत असेल."

"बरं," म्हणून ती गेली.

तिनं कुठंतरी अर्ज दिला असावा. महिन्याभरात एक सरकारी साहेब पाण्याचा नमुना घ्यायला आले. मालकांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी साहेबांना आमचं पाणी मिसळायच्या आधीच्या जागी नेलं. बाटली मीच भरून दिली. पाणी चांगलं निघालं.

तिची गिऱ्हाइकं तुटली. मग मालकांना सांगून मी तिला झाडलोटीचं काम लावून दिलं. पहिल्या पगाराला तिनं माझ्या हातावर पेढे ठेवले. मी ते तसेच वॉचमनला देऊन टाकले.

पुढं दहा वर्षं ती रोज समोर यायची आणि मी नजर चुकवायचो. कारखान्यात पाणी साफ करायची टाकी बसली, त्या दिवशी मात्र तिला गाठून सगळं सांगितलं. बाटलीचंही.

"मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "बाटली भरताना पाह्यलं तुम्हाला."

"मग बोलल्या का नाहीत?"

"कोनाला बोलू? साहेब तुमच्यासंगंच चहा पेत व्हते. मंग काम लागलं, लेकरं खाऊ लागली."

मी माफी मागितली. टाकीमागचं झाडायचं राह्यलंय, म्हणाली आणि गेली.

दोन वर्षांनी काम सोडून ती केदारखेड्याला लेकीकडं राहायला गेली. तिला भेटायला मी एकदा भोकरदनच्या बसमध्ये बसलोही. पण केदारखेड्याच्या अलीकडेच, राजूरला उतरलो आणि परतीची गाडी धरली.