मुलाखत, लिहून काढलेली उत्तरे आणि चार जीबीचा फोन

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या फोनची रॅम किती आहे? सकाळपासून हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे.

आज अकरा वाजता, बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या माझ्या खोलीतून, पहिल्या नोकरीसाठी फोनवर व्हिडिओ मुलाखत दिली. मराठी माध्यमातली जुनी सवय म्हणून संभाव्य प्रश्नांची इंग्रजी उत्तरे मी पूर्ण लिहून काढली होती. वहीत पाहिले तर मान खाली गेलेली दिसेल, म्हणून ती फोनमध्येच टाइप केली. जोडीला शब्दकोशही उघडा ठेवला.

माझ्या फोनची रॅम चार जीबी. उत्तरे पाहून परत येईपर्यंत कॉल तुटलेला असे. तिसऱ्यांदा जोडला, तेव्हा मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारले, "अहो, तुम्ही मधूनच जाता कुठे?"

खोटे बोलायला सुचले नाही. "मॅडम, माझी उत्तरे दुसऱ्या ॲपमध्ये आहेत. फोनला दोन्ही झेपत नाहीत."

त्या हसल्या आणि मध्ये कानडी मिसळत म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. मग ती बंद करा आणि स्वल्प, थोडे माझ्याशी बोला."

पुढची पंधरा मिनिटे मी अडखळत, चुकतमाकत बोलले. कॉल एकदाही तुटला नाही.

मैत्रीण म्हणते, "आठ जीबीचा घे गं, सगळे सुरळीत चालेल." तीन ॲप एकदम चालवायची, तर तिचे बरोबरच आहे. पण निकाल सोमवारी आहे आणि मला चैन नाही. आठ जीबी असती, तर मी शेवटपर्यंत वाचतच राहिले असते, आणि मॅडमना ते कळलेही नसते.

ते बरे झाले असते का? खरे सांगा.