कोंड्याच्या बदल्यात

देवासला निघालो त्या सकाळी आईने मला 'येतो' म्हणू दिले नाही. बैल जुंपलेली दमणी दाराशी उभी होती, ट्रंकेला दोर आवळून झाला होता. मी नमस्कार करून तोंड उघडले तेवढ्यात ती म्हणाली, "काही बोलू नकोस. मागेही बघू नका दोघं. ऐकणारं ऐकतं."

माझी पत्नी गरोदर होती. आधीची दोन मुले साताऱ्याकडच्या त्याच घरात, त्याच बाळंतिणीच्या खोलीत, बारशापूर्वी गेली होती. जे त्यांना घेऊन गेले त्याला आपले दार माहीत आहे, असा आईचा निष्कर्ष होता. तिसरे परमुलखात जन्मावे. देवासच्या एका छापखान्यात मराठी मुद्रिते तपासायला माणूस हवा होता. मी गेलो.

निघताना तिने पत्नीच्या कानात आणखी एक सांगितले होते. ते मला खांडव्याला गाडी बदलताना कळले. "नाव ठेवू नका. आधी विका."

टेकडीच्या पायथ्याशी बिऱ्हाड मिळाले. गल्लीतली निम्मी मंडळी मराठी होती, मराठा संस्थानिकांच्या दरबाराबरोबर पूर्वीच आलेली. ती बारशाला जुन्या वळणाचे मराठी बोलत आणि भाजीवाल्याशी माळवी. मला दोन्हीकडे अडखळायला होई. ट्रंकेतून लागतील तेवढे कपडे काढून मी दोर पुन्हा बांधला. मूल जगले की परतायचे, असे ठरवले होते. सुटीच्या दिवशी मी आग्रा रोडपर्यंत चालत जाई आणि दक्षिणेकडे निघालेल्या गाड्या बघत उभा राही.

मुलगा भर वैशाखात झाला. बाहेर लूच्या झळा वाहत होत्या आणि आमच्या चालीप्रमाणे बाजेखाली शेगडी हवी होती. शेजारच्या गंगाबाई तेलघाण्याच्या मालकीण. त्यांनी शेगडी पेटवली आणि दारावर ओले पोते टांगले. दोन्ही मुलखांचे समाधान झाले. ओवा-वावडिंगाची धुरी झाली, सहाणेवर गुटी उगाळली गेली. पत्नी त्यांच्या अंगणातल्या मुलांकडे बघत असे. त्यांचे एकही मूल गेले नव्हते. गिऱ्हाईक तिने आधीच हेरले होते.

व्यवहार पाचवीच्या आधी झाला. पत्नीने मूल सुपात घालून मागच्या दाराने गंगाबाईंना दिले. त्यांनी बदल्यात ओंजळभर कोंडा आमच्या ताटात टाकला, वळसा घालून पुढच्या दाराने आत आल्या आणि सूप तिच्या मांडीवर ठेवले. "ले बई, म्हारो छोरो संभाल. छोरो म्हारो, दूध थारो."

जावळ उतरेपर्यंत हा करार चालायचा. तोवर आम्ही त्याला नवे कापड घालायचे नाही. गंगाबाईंच्या मुलांचे जुने अंगडेच. कोणी विचारले तर पत्नी सांगे, "शेजारणीचं आहे, मी नुसती पाजते." पाळणा टांगायला दोर नव्हता, तेव्हा तिने ट्रंकेचा सोडला. मला विचारले नाही. सगळे त्याला कोंड्या म्हणत.

तो रांगू लागला त्या सुमारास पुण्याच्या एका साप्ताहिकात जागा असल्याचा निरोप आला. लगेच जावे लागणार होते. पत्नी म्हणाली, "तुम्ही जा. मी दुसऱ्याचं मूल घेऊन कशी येऊ?"

मी गंगाबाईंकडे गेलो. त्या घाण्यापाशी पेंड फोडत होत्या. व्यवहार लवकर मोडता येईल का, असे मी विचारले.

"बेच्यो माल पाछो मांगो, बाबू साब?" त्या हसल्या. "म्हारी दुकान में यो नी चले."

"कोंडा दुप्पट देतो."

त्यांचे हसू गेले. "पेलां का दो गया नी? जडूलो उतरे, फेर ले जाजो." जडूलो म्हणजे आपले जावळ. गेलेल्या दोघांविषयी पत्नीने त्यांना सांगितले असणार.

गावाकडचे अजून विचारतात की तेव्हाच का आला नाहीत. अशा समजुतींवर मी स्वतः लेख लिहिले होते. माझा विश्वास होता असे म्हणता येत नाही. पण मुलाला टांग्यात बसवून निघणेही मला जमले नाही. पुण्याची जागा भरली. ते दिवस मी आग्रा रोडवर जास्तच चाललो.

पुढच्या वैशाखात जावळ उतरले. पत्नीने ताटभर कोंडा देऊन मुलगा परत घेतला. गंगाबाईंनी कोंडा बैलापुढे ओतला आणि आमच्याकडे पाठ करून तो हाताने सारखा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "अब नवो कुरतो सिलवाओ. म्हारा छोरा होण का कपड़ा फाड़ दिया इने."

आईला नातू दाखवायला आम्ही निघालो. आता जायला कोणाची हरकत नव्हती, परत यायची सक्तीही नव्हती. गंगाबाई गाडीशी आल्या, मुलाच्या कानामागे काजळ लावले. पत्नीने त्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "येतो आम्ही." त्यांना मराठी फारसे येत नसे. त्यांनी मान हलवली.

गाडी आग्रा रोडला लागली तेव्हा ट्रंकेचे झाकण हादऱ्याने उघडू लागले. मी दोर शोधला. दोर घरी पाळण्याला होता.

वर 'घरी' असा शब्द पडला आहे. मुद्रिते तपासताना तो मी तसाच ठेवला.