पुराव्यानिशी तक्रार

हसलात तर हातातला चहा काढून घेईन, आधीच सांगते! असा काही पचका झालाय माझा, की आठवलं तरी अजून डोकं फिरतं.

आमची चाकणची कंपनी तुम्हाला माहितीये. गाड्यांचे पार्ट बनतात, मी क्वालिटीला. आमच्या लाइनवर ज्योती म्हणून एक पोरगी आहे, परभणीची. ट्रेनी. हात इतका साफ, की तिचं काम मी पुन्हा तपासतसुद्धा नाही. तिला कायम करायची फाइल नुकतीच वर गेली होती.

तर एकदा तिनं शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला. "ताई, भोक तिरपं पडायलंय बगा, मशीन बंद करू का?" अगदी वेळेवर सांगितलं, माल वाचला. आता कौतुक करायचं की नाही?

कौतुक कसलं! आमच्यातला संतोष, इथल्याच गावचा, 'व्हय' आणि 'न्हाई'शिवाय ज्याचं स्वतःचं पान हलत नाही, त्यानं त्या आवाजाला ढोलकी लावून तो परत ग्रुपवर टाकला! "पडायलंय, पडायलंय!" अख्ख्या ग्रुपनं दात काढले. कुणी लिहिलं, 'हिला मराठी शिकवा रे.' आमच्या मॅनेजर साहेबांनीसुद्धा हसरा चेहरा टाकला! कँटीनमध्ये जावं तर ज्याच्या त्याच्या फोनची रिंगटोन तीच.

ज्योतीनं तोंडच शिवून घेतलं. पुढे मशीन पुन्हा बिघडली, तर ही बया ग्रुपवर बोलायचं सोडून मला शोधत शेडभर फिरत राहिली. तोवर ट्रेच्या ट्रे खराब माल पुढे गेला. आणि वरून शेरा काय आला? 'कम्युनिकेशन कमी.' फाइल थांबली!

माझं टाळकंच सरकलं. अरे, तिचं तोंड बंद कुणी केलं? तुम्हीच ना?

मी संतोषला जिन्यातच गाठलं.

"आवं ताई, गंमत व्हती ती! प्रेमानं केलं. आपलीच हाय की ती."

"तुझ्या प्रेमापायी पोरीची नोकरी जाईल, कळतंय का?"

"एवढं काय मनावर घ्यायचं राव!"

हे 'मनावर घेऊ नका' मला नवीन नाही. आडनाव कळलं की समोरच्याचा आवाज कसा बदलतो, हे पिंपळे गुरवमध्ये बौद्ध घरात वाढलेल्या मला कुणी शिकवायला नको. बाबांच्या कंपनीतही लोक गंमतच करायचे म्हणे. बाबा ऐकून घ्यायचे. मी नाही घेणार!

काढले स्क्रीनशॉट. एकूण एक! एचआरला मेल ठोकला, मीटिंग मागितली. एचआर मॅडम, मॅनेजर साहेब, संतोष, ज्योती, सगळे हजर. माझा मेल मोठ्या पडद्यावर लावायला सांगितला आणि मी उभी राहिले.

"माणसाला त्याच्या गावावरून, बोलण्यावरून हिणवायचं? लाज कशी वाटत नाही? हा बघा पुरावा!"

पुरावा पडद्यावर आला. सगळे पडद्याकडे बघायला लागले. मग माझ्याकडे. संतोष तर चक्क हसायला लागला.

आता मला सांगा, ग्रुपवर कुणी काही टाकलं की त्याच्या डोक्यावर नाव कुठलं दिसतं? आपण फोनमध्ये सेव्ह केलेलं! रोज बघून बघून माझ्या डोळ्यांना ते दिसेनासंच झालं होतं हो!

ढोलकीच्या वर लिहिलेलं, 'संत्या गावगुंड'. हसऱ्या चेहऱ्याच्या वर, 'झोपाळू साहेब'. आणि ज्योतीच्या आवाजाच्या वर, माझ्याच हातानं टाइप केलेलं, 'परभणीचं पार्सल'.

झोपाळू साहेब खडबडून जागे झाले.

"हे काय आहे?" एचआर मॅडमनी विचारलं.

"अहो मॅडम, ते मी... प्रेमानं ठेवलंय," माझ्या तोंडून गेलं.

"बगा! म्या बी तेच म्हनत व्हतो!" संतोषनं टेबलावर हात आपटला.

ज्योती नुसती पडद्याकडे बघत राहिली. तिच्या त्या गप्प बसण्याचा मला इतका राग आला! मग कळलं, राग तिचा नाही, माझाच आलाय.

"मीही त्यातलीच, लिहून घ्या!" मी ओरडलेच. "माझं काय करायचं ते करा. पण त्या पोरीनं वेळेवर सांगितलं होतं. ढोलकीच्या आधीचा तिचा आवाज एकदा नीट ऐका!"

ऐकला. पहिल्यांदाच कुणी हसलं नाही. मॅनेजर साहेब खाली मान घालून म्हणाले, "बरोबर सांगितलंय की हिनं."

ज्योती कायम झाली. आणि मला व संतोषला ट्रेनिंग लागलं, सोशल मीडियावर कसं वागावं याचं. मी दारात पोचते तोच हा ओरडला, "या ताई, तुमची जागा धरून ठिवलीय!" असा संताप झाला!

परवा ज्योती लाइनवर दिसेना म्हणून मी फोन लावला. तिचा फोन माझ्याच शेजारच्या टेबलावर वाजायला लागला. सहज नजर गेली.

स्क्रीनवर नाव, 'पिंपळे गुरवचं पार्सल'.

तेवढ्यात ही आली. मी भडकलेच. "ज्योते, हे काय गं? असं नाव ठेवतात का?"

तिनं फोन उचलून खिशात टाकला.

"मनावर नका घेऊ, ताई," ती म्हणाली. "प्रेमानं ठेवलंय."