यशवंतदादांचा ॲम्प

डिसेंबरमधला दुसरा रविवार, सकाळ. स्थळ : खरवई, बदलापूर, यशवंतदादांचं घर. हजर : दादांच्या पत्नी प्रमिलावहिनी, उल्हासनगरचे फोम आणि खोकीवाले लच्छूभाई, आणि मी. फोनवर हजर : दादांचा मुलगा सुगत, बेंगळुरूहून. काम : दादांचा गिटारचा ॲम्प्लिफायर सुगतकडे पाठवण्यासाठी नीट बांधणं. स्वतः दादा सप्टेंबरमध्येच गेले.

सुगतला तो ॲम्प ट्रान्सपोर्टने हवा होता. वहिनींचं म्हणणं होतं की त्यानं स्वतः यावं, दोन दिवस राहावं आणि घेऊन जावं. महिनाभर फोनवर हेच चाललं. शेवटी वहिनींनी मला फोन केला. “ताई, तुमचं रोजचंच काम आहे. तुम्हीच बांधून द्या. मी काही बोलत नाही आता.”

रोजचं काम म्हणजे हे, की अंबरनाथच्या एका कारखान्यात मी डिस्पॅच, म्हणजे माल बांधून रवाना करण्याचं खातं, सांभाळते. दादा त्याच कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात सुपरवायझर होते. दिवसा कारखान्यातले गेज आणि मीटर, संध्याकाळी गिटार. लग्नातले ऑर्केस्ट्रा, जयंतीचे भीमगीतांचे कार्यक्रम, कामगारांची संमेलनं, जिथे बोलावलं तिथे ते जात.

आमची ओळख झाली ती अशाच एका संमेलनात. हॉल वेळेत रिकामा करून देणं माझ्याकडे होतं. खुर्च्या गेल्या, माइक गेले, लोक जेवायला बसले, आणि स्टेजवर एक गृहस्थ स्टूल टाकून एका काळ्या पेटीशेजारी बसलेले. दोन्ही हात गुडघ्यांवर, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे.

“काय करताय?” मी विचारलं.

“थंड होतोय.”

“कोण?”

“हा.” त्यांनी पेटीकडे मान हलवली. “आत काचेचे व्हॉल्व्ह आहेत, मॅडम. बल्बसारखे. तापलेले असताना उचलले की आतलं नाजूक काम तुटतं. थंड झाले की मग धक्के सोसतात बिचारे.”

“मला हॉल रिकामा करायचाय.”

त्यांनी माझ्या गळ्यातलं कारखान्याचं ओळखपत्र वाचलं. “मग आम्हा दोघांना पण चलनावर चढवा, डिस्पॅच.”

तेव्हापासून मी त्यांची ‘डिस्पॅच’ झाले. कारखान्याच्या गेटवर, बाजारात, माझ्या मुलीच्या लग्नात, सगळीकडे. “काय डिस्पॅच, आज कोणाला रवाना केलं?” मी वैतागले की आणखी मोठ्याने.

त्या दिवशी ते सगळ्यात शेवटी जेवले. पुढे पाहिलं तर ते नेहमीच शेवटी जेवत. त्यांच्या पंक्तीला गार भात आणि पातेल्याच्या तळाची डाळ ठरलेली. वाढपी हळहळले की म्हणायचे, “अरे, भात गार झाला म्हणजे माझं सामान पण गार झालं. चांगलीच खबर आहे.”

‘गरम वस्तू उचलायची नाही’ हा त्यांचा नियम ॲम्पपुरता नव्हता. एकदा कँटीनमध्ये दोन फिटर एकमेकांच्या अंगावर धावून गेले. आम्ही सगळे मध्ये पडून ओरडत होतो, त्यामुळे भांडण अजूनच वाढत होतं. दादा आले, दोघांच्या मध्ये खुर्ची घेऊन बसले आणि खिशातल्या भुईमुगाच्या शेंगा सोलायला लागले. दाणे आळीपाळीने एकदा याच्यासमोर, एकदा त्याच्यासमोर ठेवत राहिले. थोड्या वेळाने एकाने दाणा तोंडात टाकला. दुसरा म्हणाला, “दादा, त्याला दोन जास्त दिलेत तुम्ही.” भांडण तिथेच संपलं. मी नंतर विचारलं तर म्हणाले, “माणसाच्या आत पण काचच असते, डिस्पॅच. तापला की हात लावायचा नाही. बाजूला बसायचं.”

माझी मॅनेजरशी खडाजंगी झाली तेव्हाही ते माझ्या टेबलाशेजारी असेच येऊन बसले होते, आणि त्याचा मला उपयोग झाला होता. त्यामुळे हा नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. तो एका ठिकाणी चुकला, आणि ते ठिकाण त्यांचं स्वतःचं घर होतं.

सुगत लहानपणापासून बापाच्या मागे वायरी गुंडाळत वाढला. पुढे साउंडचं शिकला, बेंगळुरूला स्टुडिओत लागला. एका जयंतीला तो घरी आला होता. मोरिवलीच्या कार्यक्रमात ऐन गाण्यात ॲम्प खरखरला. सगळं मंडळ समोर होतं. सुगत स्टेजवर चढला आणि हसतच म्हणाला, “पप्पा, हे भंगार आता उल्हासनगरच्या जुन्या बाजारात देऊन टाका. माझ्या लॅपटॉपमध्ये असे पन्नास आवाज आहेत.” मंडळाची पोरंही हसली. दादांनी गिटारची वायर काढली, ॲम्प बंद केला आणि स्टूल ओढून शेजारी बसले. सुगत त्यांना घरी न्यायला थांबला होता. त्याला ते म्हणाले, “तू हो पुढे.”

घरी मग दोघांचं वाजलं. वहिनी सांगतात, आवाज सुगतचाच जास्त होता. “तुमच्या त्या खोक्यापुढे आम्ही कधी कोणी नव्हतोच!” असं काहीसं तो बोलला आणि पहाटेच बेंगळुरूला निघून गेला.

वहिनी म्हणायच्या, “फोन करा ना त्याला.”

दादा म्हणायचे, “अजून गरम आहे तो. थांब जरा.”

दिवाळीला म्हणाले, थांब जरा. त्याच्या लग्नाला पाहुण्यासारखे गेले, मंगल परिणयाच्या विधीला पुढच्या रांगेत बसले, जेवले आणि परतीच्या गाडीत म्हणाले, “चेहरा बघितलास ना? अजून थोडा वेळ लागेल.” मी एकदा स्पष्टच बोलले. “दादा, एवढा वेळ कोणी तापलेलं नसतं. तो केव्हाच थंड झालाय. आता पार गारठेल.” ते म्हणाले, “तुम्हाला वाटतं तसं?” आणि हातातला चहा तसाच ठेवून उठले. त्यानंतर त्यांनी फोन केला का, मला माहीत नाही. वहिनी म्हणतात, दोनदा हातात घेतला होता.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी छातीत कळ आली. रिक्षा येईपर्यंत संपलं होतं. सुगत अंत्ययात्रेला पोहोचला, पुण्यानुमोदनाच्या विधीला थांबला, कोणाशी धड बोलला नाही आणि गेला. ऑक्टोबरमध्ये त्याचा पहिला मोठा फोन आला तो ॲम्पसाठी. “आई, तो कोणाला देऊ नकोस. मला पाठव.”

तर त्या रविवारी आम्ही कामाला लागलो. लच्छूभाई दादांचे जुने दोस्त. ऑर्केस्ट्राच्या काळात पेट्यांना लागणारा फोम त्यांच्याच दुकानातून यायचा. दोन मोठी खोकी, जाड फोमचे तुकडे आणि प्लायची एक फळी टेम्पोत घालून ते स्वतः आले होते.

“यशवंत होता तो मुझे गाली देता,” पायऱ्या चढताना धापा टाकत ते म्हणाले. “बोलता, लच्छू, फोम अच्छा लाया क्या, की गादीवाला माल लाया?”

“मग कोणता आणलाय?” वहिनी म्हणाल्या.

“भाभी, अच्छावाला! आता त्याला घाबरून नाय आणला, खरंच आणला.”

वहिनी जरा हसल्या. मग सुगतचा व्हिडिओ कॉल लागला.

“मावशी, व्हॉल्व्ह आधी काढा. सरळ वर ओढा, पिरगाळू नका. कोणता कुठला ते लिहून ठेवा.”

“फोटो काढलेत. चिठ्ठ्याही लावल्यात.”

“जेवलास का?” वहिनींनी मागून विचारलं.

“हो, आई. मावशी, स्पीकरच्या जाळीवर फळी लावा. समोरून काही घुसायला नको.”

“तुझा खोकला गेला का?”

“गेला. आणि थर्मोकोलचे दाणे नका भरू हं. जड वस्तू खाली बसते त्यात.”

“वो हमको मालूम है, बेटा,” लच्छूभाई म्हणाले. “तू अपनी माँ को जवाब दे.”

वहिनी पुढे आल्या. “सुगत, तूच ये ना रे. शनिवारी ये, रविवारी घेऊन जा.”

“आई, सुट्टी नाहीये. आणि ट्रान्सपोर्टने होतंय ना व्यवस्थित?” त्याने फोन ठेवला.

आम्ही व्हॉल्व्ह एकेक करून बबलशीटमध्ये गुंडाळले आणि वेगळ्या लहान खोक्यात बसवले. आतले सैल स्क्रू आवळले. बटणांवर फोमची पट्टी, जाळीवर प्लाय, सगळ्याला प्लास्टिक. मग ॲम्प पहिल्या खोक्यात, ते खोकं दुसऱ्यात आणि दोन्हींच्या मध्ये चारी बाजूंनी घट्ट फोम. वहिनी कात्रीने टेप कापून देत होत्या. ॲम्प आत ठेवण्याआधी त्यांनी पदराने त्याच्या वरची धूळ पुसली, जरा वेळ हात तिथेच ठेवला आणि काढून घेतला.

टेप लावल्यावर लच्छूभाईंनी आणि मी खोकं दोन्हीकडून धरून हलवलं. आत काही हललं नाही. काही वाजलं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकं चांगलं बांधलेलं खोकं माझ्या हातून गेलेलं नाही.

“अब सीढ़ी से गिर जाए तो भी कुछ नहीं होगा,” लच्छूभाई खूश होऊन म्हणाले.

वहिनी खोक्याकडे बघत म्हणाल्या, “म्हणजे आता त्याला यायची काही गरज नाही.”

लच्छूभाईंनी माझ्याकडे बघितलं. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. बराच वेळ गॅस पेटवल्याचा आवाज आला नाही.

मी गॅलरीत जाऊन सुगतला फोन लावला. म्हटलं, “सगळं तयार आहे. फक्त न्यायला माणूस हवा.”

“ट्रान्सपोर्टवाला येतोय ना, मावशी?”

“तो नको.”

त्याच्या मागे कुठेतरी कोणीतरी गिटार जुळवत होतं. तो म्हणाला, “बघतो.”

ट्रान्सपोर्टवाल्याला मी सध्या येऊ नका म्हणून कळवलं आहे. खोकं वहिनींच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या बाजूला उभं आहे. बेंगळुरूच्या पत्त्याचं लेबल छापून माझ्या पर्समध्ये आहे. ते चिकटवायचं बाकी आहे.