रुळांना लावलेलं तेल

देशाची प्रगती रुळांवरून धावते, असं त्या काळी प्रत्येक भाषणात असे. आमच्या दारव्ह्याला ती अरुंद रुळांवरून, धूर सोडत यायची आणि उताराखेरीज सायकलवाल्याच्या मागे राहायची.

त्या गाडीने एक मोठे पुढारी येणार होते. नगरपालिकेचं तिकीट त्यांच्या शब्दावर ठरणार होतं, आणि माझ्या मामांना ते हवं होतं. पहिला हार आपलाच पडावा म्हणून त्यांनी फलाटाला केळीचे खांब बांधले, वाजंत्री आणली, आणि सकाळीच गड्याला जवसाच्या तेलाचा डबा घेऊन रुळांवर बसवलं. मी कॉलेजातून सुट्टीवर आलो होतो.

"मामा, हे कायले?"

"गाडी लोण्यासारखी आली पायजे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याले लोणी काहून लावतो आपण? जिथं घासते, तिथं तेल."

मी पुस्तकात वाचलेलं सांगितलं. चाक रुळाला टेकतं ती जागा अधेलीच्या नाण्यापेक्षाही लहान असते. एवढ्याशा जागेच्या पकडीवर गाडी चालते, आणि थांबतेही तिच्यावरच.

मामांनी विचार केला. "मंग तर तेलही कमीच लागन," ते म्हणाले, आणि गड्याला, "घास रे."

घर्षण ही मोठी नम्र शक्ती आहे. ती आहे तोवर कोणी तिचं नाव काढत नाही. गाडी उतारावरून आली, ड्रायव्हरने ब्रेक लावला, चाकं फिरायची थांबली. गाडी मात्र थांबली नाही. पुढाऱ्यांचा डबा, खिडकीतले जोडलेले हात, सगळं वाजंत्रीपुढून संथपणे सरकत गेलं. मामांसमोर येऊन उभा राहिला तो शेवटचा डबा. गार्डने हाराकडे पाहून टोपी काढली.

"पटरीले तेल कोनं लावलं बे?" इंजिनातून ड्रायव्हरचा आवाज आला. गडी तेलाच्या डब्यावर बसला होता.

पुढारी उतरले ते फाटकापलीकडे, मामांच्या प्रतिस्पर्ध्याच्या, कापसातली सरकी काढायच्या जिनाच्या दारात. त्याला स्वागताला कोणी बोलावलं नव्हतं; तो दारात कापसाच्या गाड्या उतरवून घेत होता. त्याने हात झटकले, नमस्कार केला आणि चहा मागवला. मामा हार घेऊन रुळांच्या कडेने पोचले, तेव्हा बशा रिकाम्या झाल्या होत्या.

तिकीट जिनवाल्याला मिळालं. हार संध्याकाळी आमच्या बैलाने खाल्ला.