तिसरी मोजणी

गेल्या होळीनंतरच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी, सुरतच्या कतारगाममधल्या एका हॉलमध्ये एका तरुणाने माझ्या गालावर बूट ठेवला. मी रिंगमध्ये उताणा पडलो होतो. कार्यक्रम मीच भरवला होता. रेफरी माझी मुलगी होती.

कुस्ती ठरवलेली होती. त्यात लपवण्यासारखं काही नाही. आमच्या फ्री-स्टाइलमध्ये कोण जिंकणार ते आधी ठरतं. कसं पडायचं, ते मात्र शिकावं लागतं. हनुवटी छातीला लावायची, तळवे आधी आपटायचे, मग पाठ टेकायची. चुकलं तर मान जाते. मी पंचवीस वर्षं पडलो. समोरच्याला कधी दुखापत होऊ दिली नाही.

मी शिरपूरकडचा. गावच्या तालमीची माती मी खणायचो, चाळायचो. तीत ताक आणि तेल मी ओतायचो. पूजेच्या दिवशी मात्र दाराबाहेर उभा असायचो. आम्ही बौद्ध. एकोणिसाव्या वर्षी सुरतेला आलो, लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागलो. सुरतेत आडनाव कोणी विचारणार नाही, असं वडील म्हणाले होते.

इथे पहिल्या प्रमोटरने मला उभं करून चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाला, "रंग तो तैयार ही है." तरी प्रत्येक खेळाआधी अंगभर काजळ आणि खोबरेल चोपडायला लावायचा. नाव दिलं जल्लाद. निवेदक सांगायचा, हा जंगलातून पकडून आणलाय. मी दात दाखवायचो. मग शेरा यायचा. शेरा म्हणजे सुभाष, माझ्याच खात्यातला, म्हणजे कारखान्यातला, लूम कारागीर, गोरा आणि उंच. तो मला पाडायचा. रेफरी तीन मोजायचा. मग मी गुडघ्यावर येऊन शेराच्या पाया पडायचो. सगळ्यात जास्त टाळ्या त्या पाया पडण्याला पडायच्या. प्रमोटर म्हणायचा, लोकांना राक्षस सुधारलेला बघायला आवडतो.

तो प्रमोटर थकल्यावर रिंग मी घेतली. खांब, दोर, फळ्या, गाद्या. उधना, पांडेसरा, कामरेज, बारडोलीपर्यंत खेळ केले. नियम माझे होते. ठरवलं असतं तर पाया पडणं पहिल्याच दिवशी काढता आलं असतं. मी काढलं नाही. दोन वर्षं माझा गुडघा दुखत होता, तेव्हा काजळ लावून रोहिदासला पाठवलं. तोही आमच्यातलाच, नंदुरबारचा. कार्यक्रमाच्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: "जल्लाद पाया पडतो. टाळ्या."

कतारगामचा खेळ माझा शेवटचा असणार होता. पन्नाशी उलटली, पाठ वळत नाही. हॉल एका कापड व्यापाऱ्याने मिळवून दिला. आम्ही त्याला शेठ म्हणायचो. त्याचा मुलगा जिममध्ये जायचा. मित्रांसमोर त्याला एकदा रिंगमध्ये उतरायचं होतं. मी हो म्हणालो. चार रविवार त्याला शिकवलं. माझ्या अंगावर पडून शिकला.

बदल्यात मी एकच गोष्ट मागितली. कुस्ती संपली की मी तोंड पुसणार आणि माइकवर माझं नाव सांगायचं. माझं, वडिलांचं, गावाचं. पंचवीस वर्षांत या शहरात ते एकदाही पुकारलं गेलं नव्हतं. पोस्टरवर घेऊ का, असंही विचारलं होतं. शेठने आडनाव विचारलं. मी सांगितलं.  मग तो म्हणाला, पोस्टरवर जल्लादच राहू दे, माइकवर बघू.

ठरल्याप्रमाणे मी पडलो. शेठच्या मुलाने माझ्या छातीवर तळहात ठेवायचा होता. त्याने बूट ठेवला, गालावर. मित्रांकडे बघून दोन्ही दंड वर केले. शेठच्या हातात माइक होता. तो हसत म्हणाला, "एनी जग्या त्यां ज छे."

याची जागा तिथेच आहे. हॉल हसला. हजार वेळा ऐकलेलं हसू होतं ते, पण आजवर ते जल्लादला होतं. माझं आडनाव माहीत असलेला माणूस आज पहिल्यांदा हे बोलला होता.

प्रज्ञा माझ्या शेजारी गुडघ्यावर होती. ती एम्ब्रॉयडरीच्या खात्यात कामाला आहे, रविवारी माझी रेफरी. रेफरी गादीवर तळहात आपटून मोजतो. तिसरा आपटला की कुस्ती संपते. तोवर संपत नाही.

तिने एक मोजला. दोन मोजला. हात वर गेला आणि तिथेच राहिला.

मी तेव्हा काय केलं, ते लिहायला हवं. मी बुटाखालून तिला म्हणालो, "मोज. लवकर मोज." रागाने म्हणालो. खेळ बिघडतोय याचा राग. बुटापेक्षा मला हे जास्त आठवतं.

ती बाहेर गुजराती बोलते, घरात हिंदी-मराठी. आमच्या गावाकडची अहिराणी तिच्या तोंडून क्वचित निघते. तेव्हा निघाली.

"ऊठ पप्पा. तीन मी म्हननार नही."

मी त्याचा घोटा धरला. पाडू शकलो असतो. चार रविवार शिकवूनही त्याला नीट पडता येत नव्हतं, मान मोडली असती. मी पाय उचलून बाजूला ठेवला आणि उभा राहिलो. तो दोराला जाऊन टेकला. लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. शिट्ट्या वाजल्या. मी काजळ पुसलं आणि माइकसाठी हात पुढे केला. शेठने माइक खाली घेतला आणि गाणं लावायला सांगितलं. गाणं लागलं. नाव राहिलं.

मागच्या खोलीत सुभाष माझ्यावर चिडला. त्याचं म्हणणं, बाकीच्यांचे पुढचे सगळे खेळ गेले. ते खरं होतं. मग म्हणाला, "पंचवीस वर्षं माझे पाय धरलेस भाऊ. तेव्हा नाही दुखलं? आज आणखी एक पाय होता, एवढंच."

 त्याचा पाय मीच धरला होता. नंतर रोहिदासला मीच धरायला लावला होता.

दुसऱ्या दिवशी रोहिदासकडे कारखान्यात गेलो. चूक झाली म्हणालो. तो बॉबिन लावत होता. मशीनच्या आवाजात दोनदा सांगावं लागलं. तो म्हणाला, "मला वाटायचं, तुम्हालाच आवडतं ते." आणि पुढची बॉबिन उचलली.

रिंग कतारगामच्या हॉलच्या गोदामात अडकली. मी नऊ वेळा गेलो. वॉचमन दरवेळी सांगायचा, "चावी शेठ पासे छे, काका." चावी शेठकडे. शेठला फोन केला की तो बाहेरगावी असायचा. एकदा त्याच्या मुलाने उचलला. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, कोण? मग म्हणाला, अच्छा, जल्लाद.

मी फोन ठेवला. कार्यक्रमाचा जुना कागद काढला. "पाया पडतो" खोडलं. "जल्लाद" खोडलं. तिथे माझं नाव लिहिलं, आडनावासकट. खाली लिहिलं: काजळ नाही. माझ्या रिंगमध्ये कोणी कोणाच्या पाया पडणार नाही. हे मान्य नसेल त्याने माझ्याकडे हॉल, माणूस, पोस्टर काहीही घेऊन येऊ नये. सुभाषला वाचून दाखवलं.  त्याने विचारलं, रिंग कुठाय?

रिंग नव्हती. रोहिदासने उधन्याच्या मैदानात बांबू रोवले. मंडपवाल्याच्या फळ्या आणि आमच्या गल्लीतल्या घराघरातल्या गाद्या आणल्या. दोर लूमवरच्या टाकाऊ कापडी पट्ट्यांचे वळले. खेळ रविवारी दुपारी झाला. लोक कतारगामपेक्षा कमी होते. शेठची माणसं आली नाहीत.

प्रज्ञाने माइकवर माझं नाव वाचलं. वडिलांचं नाव, गाव, तालुका. लूम कारागीर, असंही वाचलं. मग माइक ठेवून ती रिंगमध्ये आली.

ठरल्याप्रमाणे सुभाषने मला पाडलं आणि छातीवर तळहात ठेवला. प्रज्ञाने एक मोजला, दोन मोजला, तीन मोजला. मी उठलो, उभ्यानेच सुभाषशी हात मिळवला आणि खाली उतरलो. माझी रिंग आजही कतारगामच्या गोदामात आहे.